पावलावरची नाडी

कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेला लागले की पहिले स्थानक शहाडचे. येथील, किंवा शेजारच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या, एखाद्या बालकाच्या हृदयाला छिद्र असल्याची शंका अंगणवाडीतील तपासणीत आली (२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे ही तपासणी आता रीतसर होते), म्हणजे आईबाप त्याला घेऊन परळच्या वाडिया वा केईएम, अथवा खारघरच्या सत्य साई संजीवनी यांसारख्या रुग्णालयाची वाट धरतात. तेथे जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन छिद्र बुजवण्याचे किंवा अरुंद झडप फुग्याने रुंदावण्याचे काम डॉक्टर बहुधा काही तासांत आटोपतात. त्यानंतरची रात्र मात्र परिचारिकेच्या हवाली असते, आणि तिचे ज्ञान ही उपचाराला लावलेली पुरवणी नसून उपचाराचाच अर्धा भाग आहे, हे आपल्याकडे पुरेसे ओळखले जात नाही.

या विद्येच्या उगमापाशीही एक परिचारिका उभी आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हातातील शिरेतून हृदयात नळी घातली, तेव्हा उपकरणांची कुलपे गेर्डा डिट्सेन या परिचारिकेच्या ताब्यात होती. प्रयोग आपल्यावरच व्हायचा आहे अशा समजुतीने तिने ती उघडून दिली. फोर्समान यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तान्ह्या मुलाची धमनी इतकी सूक्ष्म असते की नळी काढल्यावर तीत गुठळी धरून पायाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. म्हणून जाणती परिचारिका आधीच दोन्ही पावलांवरील नाडी चाचपून तिच्या जागी शाईची खूण करते, आणि मूल परत आल्यावर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी, पुढे अर्ध्या तासाने, ती नाडी, पावलाचा रंग, त्याची ऊब आणि नख दाबून सोडल्यावर परतणारी लाली दुसऱ्या पायाशी ताडून पाहते. प्रारंभी नाडी काहीशी क्षीण लागली तर ती घाबरत नाही. पण तासागणिक ती सशक्त होत नसेल, पाऊल पांढुरके वा गार पडत असेल, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता ती डॉक्टरांना बोलावते.

रक्तस्रावाची बाब तर याहून नाजूक. ३ किलो वजनाच्या अर्भकाच्या अंगात सारे रक्त सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे पाव लिटरही नव्हे. त्यांतले २५ गेले तरी दहावा हिस्सा गेला. ते लंगोटात झिरपते, पाठीखाली साचते, पट्टीवर दिसतेच असे नाही. म्हणून पांघरूण दूर सारून मांडीखाली हात घालून पाहावे लागते. दाब द्यायचा तोही त्वचेवरील छिद्राच्या किंचित वर, कारण रक्तवाहिनीचे छिद्र तेथे असते. मुलांचा रक्तदाब बराच काळ टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो, तत्पूर्वी हृदयाची गती वाढलेली असते. हे जिला ठाऊक नाही ती रक्तदाबाचा आकडा पाहून निर्धास्त राहील. ठोक्यांची लय बिघडणे, हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साठणे, औषधी रंगद्रव्याची ॲलर्जी हे धोके विरळ, पण तेही तिला ओळखता आले पाहिजेत.

मोठ्यांच्या हृदयविभागात घडलेल्या परिचारिकेला बालविभागात आल्यावर हे आपोआप उमगेल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. तिच्यासाठी कारणमीमांसेसह तालमीची तजवीज हवी, आणि पाळी बदलताना केवळ तोंडी निरोप न देता दोघींनी मिळून नाडी चाचपून दप्तरी नोंद करावी.

शहाडला परतल्यावर हीच नजर आईला ठेवावी लागते. रुग्णालयांनी घरी सोडताना मराठीत, आणि उल्हासनगरची सिंधी वस्ती ध्यानी घेता हिंदी वा सिंधीतही, धोक्याच्या लक्षणांची चिठ्ठी द्यावी. पालकांनीही निघण्यापूर्वी सिस्टरांकडून मुलाच्या पावलावरची नाडी कोठे लागते ते स्वतःच्या बोटाने चाचपून घ्यावे, आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक लिहून घेतल्याखेरीज वॉर्ड सोडू नये.