चाल चोरली, तीही स्वतःचीच

कॉपीराइटचा कायदा शिकवताना ‘फॉगर्टी विरुद्ध फँटसी’ हा खटला आला, की मागच्या बाकावरची पेंगणारी मुलंही सावरून बसतात. आरोपच तसा आहे: गायकानं चाल चोरली, तीही स्वतःचीच!

हे गायक म्हणजे जॉन फॉगर्टी. जन्म १९४५चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. थोरला भाऊ टॉम आणि शाळासोबती स्टू कुक व डग क्लिफर्ड यांच्यासह त्यांनी उभा केलेला बँड १९६८पासून ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या नावानं गाजू लागला. बहुतेक गाणी जॉन यांनीच लिहिलेली, गायलेली. लीड गिटारही त्यांचीच. एकट्या १९६९मध्ये तीन अल्बम आले. ‘प्राउड मेरी’ ऐकून वाटावं, हा गडी मिसिसिपीच्या काठीच वाढला असणार. ‘फॉर्च्युनेट सन’मध्ये संताप आहे तो बड्या बापांची पोरं युद्धातून सुटतात याचा, आणि ते गाणं लिहिणारे फॉगर्टी स्वतः लष्कराच्या राखीव दलात राहून आले होते.

पण करारानुसार गाण्यांचे हक्क गेले फँटसी रेकॉर्ड्सकडे. १९७२मध्ये बँड फुटला. करारातून सुटण्यासाठी फॉगर्टींनी जुन्या रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीवरही पाणी सोडलं. कंपनीचे प्रमुख सॉल झेंट्झ यांनी पुढं मोझार्टवरच्या ‘अमेडियस’ची निर्मिती केली, ऑस्करही मिळवलं. इकडे फॉगर्टी आपलीच गाणी मंचावर गाईनासे झाले. १९८७मध्ये एका क्लबात बॉब डिलननी त्यांना टोकलं: तू ‘प्राउड मेरी’ गायला नाहीस, तर लोक ते टीना टर्नरचंच समजतील.

मधल्या काळात, १९८५मध्ये, ‘सेंटरफील्ड’ आला. सगळी वाद्यं फॉगर्टींनी एकट्यानं वाजवलेला हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि फँटसीनं दावा ठोकला: यातलं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ म्हणजे आमच्या मालकीचं, १९७०चं ‘रन थ्रू द जंगल’च. १९८८मध्ये फॉगर्टी गिटार घेऊनच साक्षीला बसले. वाजवून दाखवलं, की दोन गाण्यांत साम्य आहे ते माझ्या ढंगाचं. कायदा गाण्याला संरक्षण देतो, ढंगाला मालक नसतो. ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला.

वकिलांच्या फीचा प्रश्न मात्र उरला. हा खटला चालला त्या भागातल्या कोर्टांत तेव्हा दावा करणारा जिंकला तर त्याला फी सहज मिळे. प्रतिवादीला आधी दावा निरर्थक किंवा खोडसाळ असल्याचं दाखवावं लागे. १९९४मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दोघांना एकच माप लावा. पुढं फॉगर्टींना तेरा लाख डॉलरांहून जास्त फी मिळाली. जुन्या चालीशी साम्य असल्याच्या आरोपावरून कोर्टात खेचल्या गेलेल्या आणि खटला जिंकलेल्या कलावंताला फी मागताना हा निकाल आजही कामी येतो.

२००४मध्ये कॉन्कॉर्ड कंपनीनं फँटसी विकत घेतली आणि फॉगर्टींची रॉयल्टी पुन्हा सुरू केली. पण इथं विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. एका गाण्याच्या दोन मालमत्ता असतात: एक शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रण. पहिलीतला मोठा वाटा फॉगर्टींना २०२३मध्ये परत मिळाला. जुनी ध्वनिमुद्रणं कंपनीकडेच आहेत. म्हणून २०२५मध्ये, ऐंशीव्या वर्षी, मुलांना साथीला घेऊन त्यांनी ती गाणी नव्यानं गाऊन अल्बम काढला.

आरोपातून कोर्टानं त्यांना सोडवलं, करारातून नाही. विशीत एका सहीनं दिलेली गाणी त्यांना सत्याहत्तराव्या वर्षी पैसे मोजून परत घ्यावी लागली. वर्गात मी निकालाआधी करार वाचायला लावतो, तो यासाठीच.