कॉइल खरेच गेली आहे का?

मंगळवारी संकष्टी आली म्हणजे तिला अंगारकी म्हणतात. त्या दिवशी टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनासाठी माणसांची रीघ लागते. कोणी लोकलने येतो, कोणी मोटारीने. स्टेशनाबाहेरच्या रिक्षांना उसंत नसते. अशा वेळी गाडी मधेच बंद पडली, तर दिवसाची कमाई बुडते. भोवती चार माणसे जमतात. त्यांतला एक हटकून म्हणतो, "कॉइल गेली हो!" मग नवी कॉइल आणतात, पैसे मोजतात, आणि गाडी तरीही चालू होत नाही! कारण दोष दुसरीकडेच असतो. म्हणून कॉइल कशी तपासतात, ते आपण समजून घेऊ.

कॉइलचे काम काय?

पेट्रोल किंवा सीएनजी पेटवायला ठिणगी लागते. ती प्लगच्या टोकाला पडते. डिझेलच्या गाडीत अशी ठिणगी लागत नाही, म्हणून तिच्यात ही कॉइल नसते. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. ठिणगीला मात्र हजारो व्होल्ट लागतात. ते कॉइल तयार करते.

कॉइलमध्ये लोखंडाच्या गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. जाड तारेतून बॅटरीची वीज जाते. ती एकदम तोडली, की बारीक तारेत जोरदार वीज उठते. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला, की पाइप कसा धाडकन हादरतो! तसेच काहीसे हे आहे. एका गुंडाळीतून दुसरीत वीज उठते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवले. ते लोहाराचे मुलगे. पुस्तके बांधण्याचे काम करता करता ती वाचून शिकले.

आधी हे पाहा

टाकीत पेट्रोल आहे ना? बॅटरीच्या तारा घट्ट आहेत ना? प्लग काजळीने काळा झाला आहे का? प्लगची तार सैल आहे का? पावसाळ्यात कॉइलवर पाणी बसले, तरी ठिणगी भलतीकडेच जाते. चावी बंद करून, कोरड्या फडक्याने कॉइल पुसावी. तिला तडा किंवा काळी रेघ दिसली, तर तिथून वीज निसटते असे समजावे.

मग ठिणगी पाहावी. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. तो ठिणगी तपासण्याचे साधन लावून पाहतो. निळसर-पांढरी, कडकडीत ठिणगी चांगली. पिवळट, मरगळलेली ठिणगी कमजोर. चालू गाडीत कॉइलच्या तारेला हात लावू नका, फार मोठा झटका बसतो. जवळ पेट्रोल सांडलेले असेल, तर ही परीक्षा मुळीच करू नका. भडका उडेल.

मीटर काय सांगतो?

तार विजेला किती अडवते, त्याचे माप म्हणजे ओम. चावी बंद करून, कॉइलच्या तारा सोडवून, मीटर लावतात.

मुंबईत पूर्वी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत. त्या २०२३ साली बंद झाल्या. तसल्या जुन्या धर्तीच्या गोल कॉइलमध्ये जाड तारेचा आकडा बहुधा ३ ओमच्या आसपास येतो. बारीक तारेचा काही हजार ओम येतो. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. गाडीच्या पुस्तकात दिलेला असेल, तोच खरा मानावा.

मीटरने काहीच आकडा दाखवला नाही, तर आत तार तुटली आहे. आकडा फारच कमी आला, तर आतले वेढे एकमेकांना चिकटले आहेत. दोन्ही वेळा कॉइल बदलावी लागते.

कधी गाडी सकाळी ठीक चालते, तापली की बंद पडते, आणि गार झाली की पुन्हा चालू होते. कॉइलचा दोष असा लपून बसू शकतो. तेव्हा ती गरम असतानाच तपासावी. तरीही आकडा बरोबर आला आणि शंका राहिली, तर दुसऱ्या गाडीची त्याच जातीची चांगली कॉइल थोडा वेळ लावून पाहावी. कारण मीटर थोड्याशा विजेवर तपासतो. हजारो व्होल्टचा दाब आला की मगच फुटणारा दोष त्याला दिसत नाही.

नव्या मोटारींत बहुधा प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असते. तिच्यात नाजूक भागही असतात. तिला गॅरेजातल्या यंत्रानेच तपासावे.

पुढच्या वेळी कोणी "कॉइल गेली" म्हणाले, तर मिस्त्रीला म्हणा, "दादा, मीटरचा आकडा दाखवा." आपल्याला आता आकडे वाचता येतात. तो वाचा, वहीत तारीख घालून लिहून ठेवा, आणि मगच खिशात हात घाला.