शकुंतलेचं डिझेल इंजिनही जपायला हवं

आदिलाबादहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. दोन्ही तीरांवर काळी माती, कापूस आणि मराठी बोलणारी माणसं. आपल्यातल्या कित्येक घरांच्या सोयरिकीही तिकडच्याच. पण आपल्याकडे कधी नव्हती अशी एक गोष्ट तिकडे होती, ती म्हणजे शकुंतला रेल्वे. आदिलाबादची जुनी गाडी मीटर गेजची; शकुंतला त्याहूनही अरुंद. दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर!

वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा, म्हणून किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग उभारला. त्यावरचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं.

शकुंतलेच्या गोष्टी निघाल्या की सगळे त्या धुराच्या इंजिनाबद्दलच बोलतात. डिझेलचं कौतुक कुणाला नाही, कारण ते दिसायला साधं, पेटीसारखं. मला हे पटत नाही. माझी मावशी दारव्ह्याची. तिच्याकडे जाताना मी बसलो तो डिझेलच्याच गाडीत. फाटक आलं की गाडी थांबायची, कर्मचारी उतरून ते लावायचा, मग गाडी पुढे. आज तिशी-चाळिशीत असलेल्यांची शकुंतला हीच. दार्जिलिंग आणि कालका–शिमला या जागतिक वारशाच्या मार्गांवरही रोजच्या गाड्या डिझेलच ओढतात. मग आपलं डिझेल वारसा का नाही?

आता शकुंतला बंद आहे. ती पुन्हा धावावी म्हणून तिकडची मंडळी झटत आहेत. दुसरीकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे; त्यातल्या वर्धा–कळंब टप्प्याचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. नवी गाडी हवीच. पण ती आली की अरुंद रूळ विसरायला वेळ लागणार नाही. म्हणून मूर्तिजापूर किंवा यवतमाळ स्टेशनाबाहेर एक डिझेल इंजिन रंगवून, माहितीफलक लावून उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपल्या हातात एक काम आहे. आई-बाबांना, मामा-मावशींना विचारा. जुनं तिकीट, फोटो सापडला तर मागे गाव आणि साल लिहून ठेवा. इंजिन भंगारात गेलं तर निदान एवढं तरी उरेल.