एका खेपेत किती नोंदी आणाव्या?

श्रोतेहो, मोबाइलमधले एखादे ॲप उघडले की पडद्यावर नावांची यादी उमटते. ही यादी येते कुठून? पुष्कळ वेळा ती दूरच्या संगणकांवर ठेवलेल्या दप्तरातून येते. या दप्तराला ‘क्लाउड डेटाबेस’ म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. पण दप्तर काही ढगांत नसते. ते मोठमोठ्या इमारतींतल्या संगणकांत असते, आणि तेथून प्रत्येक नोंद आपल्यापर्यंत प्रवास करीत येते. या प्रवासाला वेळ लागतो आणि मोलही पडते.

उदाहरणादाखल गूगलचे ‘फायरस्टोअर’ घेऊ. ते २०१७ साली लोकांपुढे आले. त्यात एका नोंदीला ‘डॉक्युमेंट’ आणि नोंदींच्या गठ्ठ्याला ‘कलेक्शन’ म्हणतात. जितकी डॉक्युमेंटे वाचली, तितकी मोजली जातात. दिवसाला ५०,००० वाचने फुकट मिळतात. फुकट योजनेत ही मर्यादा संपली की पुढची मागणी नाकारली जाते, ती नवा दिवस मोजायला लागेपर्यंत.

आता हिशेब करून पाहा. समजा, एका तालुक्यात १०० शाळा आहेत, दर शाळेत २०० मुले. म्हणजे २०,००० नोंदी झाल्या. ॲप करणाऱ्याने प्रत्येक वेळी सगळा गठ्ठाच मागवला, तर दोन गुरुजींनी ॲप उघडताच ४०,००० वाचने खर्ची पडली. तिसऱ्याच्या यादीला दप्तर अपुरे पडले, आणि उरलेल्या साऱ्या शाळांची हजेरी त्या दिवशी खोळंबली!

हेच दुसऱ्या रीतीने करू. ‘या शाळेची, चौथीच्या वर्गाची, नावाच्या क्रमाने’ एवढीच मागणी केली, तर ४० नोंदी येतील. तेवढ्याच ५०,००० वाचनांत अशा १,२५० याद्या निघतात. मग दप्तराला सगळी पाने चाळावी लागत नाहीत काय? नाही. त्याच्यापाशी आधीच सूची तयार असते. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीवरून आपण नेमके पान काढतो, तसेच हे. म्हणून वेळ लागतो तो किती नोंदी हव्यात यावर. एकंदर दप्तर केवढे आहे यावर नव्हे.

दुसरी गोष्ट. चाळीस नोंदी एकामागून एक मागवल्या तर चाळीस खेपा होतात. जिथे रेंज अशक्त, तिथे दर खेपेला ताटकळणे आले. एकाच मागणीत सगळ्या आणाव्या, हे बरे. यादी लांबच असेल तर वीस-वीसची पाने करावी, आणि पुढचे पान मागताना ‘या शेवटच्या नावानंतरचे द्या’ असे सांगावे. ‘पहिली शंभर सोडून द्या’ असे सांगितले, तर सोडलेली शंभरही मोजली जातात.

तिसरी गोष्ट धीराची. मागणी गेली म्हणजे उत्तर तत्क्षणी येत नाही. ॲपने ते येईपर्यंत ‘यादी येत आहे’ असे दाखवावे. नुसताच कोरा पडदा दिसला, तर गुरुजींना वाटायचे, नोंदी पुसल्याच गेल्या! अँड्रॉइड आणि आयफोनवर फायरस्टोअर आधी आणलेल्या नोंदींची प्रत फोनमध्ये ठेवते. त्यामुळे रेंज गेली तरी यादी दिसते. मात्र ती जुनी असू शकते.

शेवटी मुलांच्या माहितीचे. कोणी काय वाचावे याचे नियम दप्तराला घालून देता येतात. पण हे नियम चाळणीचे काम करीत नाहीत. परवानगीबाहेरच्या नोंदी येऊ शकतील अशी मागणी केली, तर ती सबंधच फेटाळली जाते. म्हणून मागणीच नेमकी हवी.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेसाठी कोणी ॲप करून देऊ लागला, तर त्याला एवढे जरूर विचारा : बाबा रे, माझ्या वर्गाच्या यादीसाठी तू किती नोंदी आणतोस? चाळीस म्हणाला तर ठीक. सगळ्या म्हणाला, तर काम पुन्हा करायला लावा.