धोक्याची प्रतवारी कोणी करायची?

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर येतो, तेव्हा त्याच्यापासून समाजाला पुढे किती धोका आहे, हे कोणी ठरवायचे? पोलिसांनी, सरकारने की न्यायालयाने? या प्रश्नाचे नेमके उत्तर भारतीय कायद्याने अद्याप दिलेले नाही.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ताब्यातील या सूचीत आरंभीच ४.४ लाख नोंदी होत्या. दोषसिद्ध व्यक्तीचे नाव, पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे तीत साठवले जातात. ही सूची केवळ तपास यंत्रणांना खुली आहे, सामान्य नागरिकांना नाही. खासगीपणाच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला निकाल पाहता हा संयम योग्यच म्हणावा लागेल. मात्र, त्या वेळच्या वृत्तांनुसार कमी धोक्याच्या व्यक्तींची माहिती १५ वर्षे, मध्यम धोक्याच्या व्यक्तींची २५ वर्षे आणि सराईत वा हिंसक गुन्हेगारांची आजन्म ठेवण्याचा विचार होता. ही प्रतवारी कोणत्या पुराव्यावर करायची, तिच्याविरुद्ध दाद कोठे मागायची, हे सांगणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील लैंगिक गुन्हेगार नोंदणी कायदा १९९६ पासून अमलात आहे. सुटकेपूर्वी तज्ज्ञांचे मंडळ न्यायालयाला शिफारस करते. परंतु अंतिम निर्णय न्यायाधीशाचा असतो. त्यासाठी १५ निकषांची गुणपत्रिका आहे. शस्त्राचा वापर, पीडितांची संख्या व वय, आरोपीशी असलेले नाते, पूर्वीचे गुन्हे, व्यसन, तुरुंगातील वर्तन, जबाबदारीची कबुली, राहण्याची व कामाची सोय अशा बाबींना गुण दिले जातात. ७० गुणांपर्यंत पहिला स्तर, ७५ ते १०५ गुणांना दुसरा, तर ११० व त्यापुढे तिसरा. पहिल्या स्तरातील व्यक्तीची नोंदणी सर्वसाधारणपणे २० वर्षांची असते आणि तिचे नाव संकेतस्थळावरील सार्वजनिक यादीत येत नाही. वरच्या दोन्ही स्तरांची नोंदणी आजन्म असते.

या व्यवस्थेचे खरे मोल गुणपत्रिकेपेक्षा सुनावणीत आहे. प्रत्येक गुण स्पष्ट व विश्वासार्ह पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. आरोपीला वकील मिळतो, अपिलाचा हक्क मिळतो. गुणांच्या बेरजेत न मावणारी परिस्थिती असेल, तर न्यायाधीश कारणे नोंदवून स्तर वाढवू किंवा घटवू शकतो.

तरीही ही मोजपट्टी जशीच्या तशी उचलून चालणार नाही. न्यूयॉर्कमध्ये पीडित व्यक्ती अनोळखी असेल, तर २० गुण वाढतात. गुन्ह्याच्या पुनरावृत्तीची शक्यता मोजताना त्याला तर्क आहे. पण आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक हे या गुणपत्रिकेत ‘कमी धोक्याचे’ ठरू शकतील. शिवाय आरोपी घरातलाच असेल आणि त्याचे नाव चव्हाट्यावर येणार असेल, तर तक्रार न करण्यासाठी मुलीवर येणारा दबाव अधिकच वाढेल. म्हणूनच सूची सार्वजनिक करण्याची मागणी सोपी वाटली, तरी तिची किंमत पीडितांनाच मोजावी लागण्याची भीती आहे.

भारतीय न्यायालयांना जोखमीचा विचार नवा नाही. बच्चन सिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने आरोपी समाजाला सतत धोका ठरेल का, हा प्रश्न फाशीच्या निर्णयात महत्त्वाचा मानला. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालात तर मानसशास्त्रीय मूल्यमापन आणि तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागवण्याचे मार्ग आखून दिले. शिक्षेत सूट देतानाही, लक्ष्मण नस्कर खटल्यातील (२०००) निकषांनुसार गुन्हा पुन्हा घडण्याची शक्यता तपासावी लागते. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत सकारण असावे, केवळ औपचारिक नसावे, हेही न्यायालयाने २०२२ मध्ये राम चंदर खटल्यात स्पष्ट केले.

पण हे तत्त्व व्यवहारात किती ठिसूळ आहे, ते बिल्किस बानो प्रकरणाने दाखवले. खटला मुंबईत चालला आणि तेथील न्यायाधीशांनी सुटकेस प्रतिकूल मत दिले होते. तरी ११ दोषींना ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सूट रद्द केली. सूट देण्याचा अधिकार खटला चाललेल्या महाराष्ट्राच्या सरकारचा होता, हा त्यामागील प्रमुख आधार होता. म्हणजे निर्णय उलटला तो प्रामुख्याने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. पीडितेच्या सुरक्षिततेचे सखोल मूल्यमापन करून निर्णय घेण्याची सक्षम पद्धत मात्र त्यातून आपोआप उभी राहत नाही.

ती उभी करायची, तर तीन गोष्टी कराव्या लागतील. सूचीतील प्रतवारीला कायद्याचा आधार द्यावा आणि ती न्यायालयीन सुनावणीनंतरच व्हावी. मूल्यमापनासाठी तुरुंगांत प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असावेत आणि निकष भारतीय माहितीवर तपासलेले असावेत. ठरावीक काळाने स्तराचा फेरविचार व्हावा, पीडितेलाही म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.

कठोर शिक्षेची मागणी करणे सोपे असते. पण शिक्षा संपल्यानंतर कोणावर किती काळ नजर ठेवायची, हे पुराव्याने ठरवले नाही, तर धोकादायक माणूस सुटेल आणि सुधारलेला माणूस आजन्म संशयित राहील. दोन्ही चुकांची किंमत समाजच मोजतो, आणि सर्वांत आधी ती मोजते पुढची पीडिता.