दुखानची घडी, इराणचं तांबं

कतारमधल्या दोहाहून पश्चिमेला गाडीने तासाभरात दुखान येतं. वाटभर फिकट, सपाट चुनखडक आणि मग जमीन जराशी फुगते. सह्याद्रीत वाढलेल्याला ते टेकाडही वाटणार नाही. पण सुमारे ८० किलोमीटर लांबीची ही खडकांची घडी आहे. सतरंजी एका बाजूने रेटली की मध्ये उचलली जाते, तशी. भूशास्त्रात तिला अपनती म्हणतात.

रेटणारा आहे अरबी भूपट्ट. वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत तो युरेशियाला भिडतो. दोघांमध्ये पूर्वी निओटेथिस महासागर होता. त्याचा तळ कोट्यवधी वर्षं इराणखाली शिरत राहिला आणि समुद्र मिटला.

असा तळ ओला असतो. शंभरेक किलोमीटर खोलीवर त्यातलं पाणी सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि तिथला खडक कमी तापमानालाच वितळू लागतो. या वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, पाणी, गंधक आणि तांबं असतं. पुढे खंड एकमेकांवर दाबले गेले, की त्याला वर यायला सहज वाट मिळत नाही. तो खोलवर अडतो, मुरतो. अखेर त्यातून सुटलेलं तप्त, खारं पाणी खडकाला असंख्य तडे पाडतं आणि निवताना त्यांत तांबं ठेवून जातं. असा दगड फोडला, तर राखाडी अंगात केसासारख्या पितळी रेघा चमकतात. हे चाल्कोपायराइट, म्हणजे आयुर्वेदातलं सुवर्णमाक्षिक! इराणच्या केरमान प्रांतातली सरचेश्मे ही तांब्याची अवाढव्य खाण याच प्रक्रियेतून घडली.

कतार मात्र बुडणाऱ्या बाजूला होता. शिलारस उसळला तो पलीकडे, म्हणून इथे तशा खाणी नाहीत.

त्याच रेट्याने इथे दुसरंच काही साधलं. दुखानची घडी उचलली गेली. खालच्या प्राचीन मिठाच्या हालचालीचाही तिला हातभार लागला असावा. घडीच्या पोटात ज्युरासिक काळातला सच्छिद्र चुनखडक आहे आणि त्यावर अनहायड्राइटचं घट्ट झाकण. पाण्याहून हलकं तेल छिद्रांतून वर चढत गेलं आणि कमानीच्या माथ्याशी झाकणाखाली अडलं. १९३८ मध्ये इथे पहिली विहीर खोदायला घेतली, जानेवारी १९४० मध्ये तेल लागलं. महायुद्धात विहिरी बुजवाव्या लागल्या. त्या पुन्हा उघडल्या आणि १९४९ च्या अखेरीस दुखानचं तेल घेऊन पहिलं जहाज निघालं.