रिकामी टाकी

मोटारसायकलची टाकी गळायला लागली की अंगणात पान्हे घेऊन बसणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. पेट्रोल काढून झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "टाकी रिकामी झाली, आता कसली भीती?" घरच्या घरी टाकी बदलण्याबाबत जेवढे गैरसमज आहेत, त्यांत हा सगळ्यांत महागात पडणारा.

द्रव पेट्रोल जळत नाही, जळते त्याची वाफ. तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. ओतून रिकामी केलेल्या टाकीत मात्र तळाशी थोडं पेट्रोल राहतं आणि वर हवाच हवा. 15 मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर पेट्रोल 200 लिटरच्या पिंपातली हवा स्फोटक करायला पुरतं. आपली टाकी तर दहा-बारा लिटरची. म्हणून अशा टाकीच्या भोकावर घरी डाग देणं किंवा वेल्डिंग करणं नकोच. टाकी चार दिवस उन्हात ठेवली तरी आतल्या गंजाच्या पापुद्र्यांत पेट्रोल दबा धरून असतं आणि लोखंड तापलं की बाहेर येतं.

"गारठ्यात पेट्रोल पेट घेत नाही" हीसुद्धा समजूतच. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते. महाबळेश्वरची थंडी तिच्या खिजगणतीत नाही.

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. धुरासारखी वर न जाता ती फरशीवरून सरपटते, उंबऱ्याच्या फटीतून आत शिरते. वाड्याच्या बोळात किंवा इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये टाकी उघडली, तर पलीकडच्या खोलीतली समईदेखील तिला पुरते. काढलेलं पेट्रोल गटारात ओतणाऱ्यांनी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराची गोष्ट लक्षात ठेवावी. 22 एप्रिल 1992 रोजी तिथल्या भूमिगत गटारात झिरपलेल्या पेट्रोलचे स्फोट झाले, रस्तेच्या रस्ते उखडले, दोनशेहून अधिक माणसं गेली.

मग ते पेट्रोल ठेवायचं कशात? पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात नको. घरातलं लहान मूल तिला पाण्याचीच बाटली समजणार. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं भांडं एक लिटरपेक्षा मोठं चालत नाही. धातूचा डबा जमिनीवर टेकवून भरावा, हातात लटकत धरून नव्हे.

पान्ह्याचं काम त्या मानाने सोपं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत सीट काढायची, कॉक बंद करायचा, नळी आणि फ्लोटची वायर सोडवायची, मागचा बोल्ट काढायचा आणि टाकी मागे ओढून उचलायची. मात्र त्याआधी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. आधी धन बाजू सोडवायला गेलात आणि पान्हा फ्रेमला टेकला, तर ठिणगी उडालीच समजा.

"नवी गाडीही तशीच उघडते" असं मानून हात घालू नये. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंधन पंप टाकीतच असतो आणि नळीत साधारण तीन बार दाब असतो. चावी काढल्यावरही तो काही काळ टिकतो. नळी उपटली तर पेट्रोलची पिचकारी थेट गरम इंजिनवर. आधी पंपाचा प्लग काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतात, मग थंड होऊ देतात. गाडीच्या पुस्तिकेत हे दिलेलं नसेल किंवा समजत नसेल, तर मेकॅनिककडे जाण्यात कमीपणा नाही.

आता टाकी सडलीच का? हल्ली सगळा दोष इथेनॉलवर जातो. त्यात अर्धं तथ्य आहे. इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की त्याला घेऊन तळाशी बसतं. गंज तिथूनच लागतो. पण मुळात पाणी आत कुठून येतं? बऱ्याच गाड्यांच्या झाकणाशेजारी एक बारीक भोक असतं, पावसाचं पाणी खाली काढून देण्यासाठी. माझ्या जुन्या गाडीत ते धूळ आणि शाम्पूच्या लगद्याने गच्च बुजलं होतं. दर पावसात झाकणाभोवती तळं साचायचं आणि झाकण उघडलं की चमचा-दोन चमचे पाणी थेट आत. वर्षभर मी पंपवाल्याला भेसळखोर ठरवत होतो. बाहेरून एम-सील लावून हा आतला गंज थांबत नाही. भोक तेवढं काही दिवस झाकलं जातं.

नवी टाकी दुसऱ्या रंगाची बसवणार असाल तर एक पाहा: गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते.

आणि जुनी टाकी भंगारात देताना झाकण काढून ठेवा, तिच्यावर खडूने ठळक 'पेट्रोलची टाकी' असं लिहा आणि भंगारवाल्याला तोंडीही सांगा. गॅस कटर तिच्यावर तोच चालवणार आहे.